ब

तरुण संघाच्या यादीत माझ्या नावापुढे
पाळकबाईंनी लिहिलं होतं : भिंत, मुळाक्षरं.
योनाकडे पाण्याच्या टाक्या, शुलमितकडे औषधांची पेटी,
आणि सगळ्यांकडे मिळून एक प्रार्थना,
जी नेरूळहून तुर्भ्याला पोचेपर्यंत
टेम्पोत तीनदा म्हणून झाली.

खाणीत उतरलो तेव्हा
डोंगर अर्धाच उरला होता.
पोरं आमच्याकडे बघत उभी,
भुवयांवर पांढरी धूळ,
सकाळी सकाळीच म्हातारी झालेली.

त्यातली एक, हुलगी.
अनवाणी, खडीवरून अशी चालत आली
जशी मी घरात फरशीवरून येते.
आणि मी शुलमितकडे वळून
अगदी हळू म्हणाले,
जिभेवर साखर ठेवून म्हणतात तसं,
"बिचारी."

एवढंच.
वाईट काही नव्हतं त्यात.
आमच्या घरी तो शब्द रोज लागतो, मिठासारखा :
वरच्या मजल्यावरच्या एस्तेरमावशीला, मांजराला,
नापास झालेल्या आतेभावाला.

दहा वाजता तिमण्णा लाल फडकं घेऊन
कड्यावर चढला आणि ओरडला.
काय ते कळलं नाही. पण बायकांनी
घण टाकले, लेकरं उचलली,
कुत्रीसुद्धा पत्र्याआड गेली.
तो थांबला. चौफेर बघितलं. पुन्हा ओरडला.
तिसऱ्यांदा ओरडला
आणि मग डोंगर फुटला.

चहा पिताना म्हणाला,
आधी हाळी, मग वात.
हाळी पोचली नाही तर वात लावायची नाही,
बाप आला तरी.
त्याच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती.
मी मोजली, आणि पेला खाली ठेवला.

दुपारी भिंत.
अ ला अननस, कुणीच खाल्लेला नव्हता.
ग ला गाढव. त्यावर मात्र तिघं जण पळत जाऊन
खऱ्या गाढवाला हात लावून आले.
मग ब. खाली बदक.
मागून हुलगी म्हणाली,
"ब बिचारीचा."

मी ब्रश धरून तशीच.
ती धावत गेली, कडेवर करडू घेऊन आली,
आठवड्याचं असेल, लोंबते कान.
कालपर्यंत त्याला नाव नव्हतं.
"तूच बोललीस ना सकाळी. गोड आहे."
घरी ती वडारी बोलते. माझ्या भाषेतला हा शब्द
तिला कोरा मिळाला होता,
कुणाचाही पाय न लागलेला.

मी नावं ठेवली होती.
तिनं नाव ठेवलं.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही.
अर्थ घशापर्यंत आला
आणि तिमण्णाचं फडकं दिसलं.
कुठल्या कड्यावर उभी राहून हाळी देऊ,
आणि ही कुठल्या पत्र्याआड जाईल?
ओल्या रंगातच बदक पुसलं,
करडू काढलं.
पाय जमले नाहीत. कान बरे आले.

रविवारी साक्ष द्यायला माईक हातात आला.
"खूप शिकायला मिळालं, देवाची स्तुती असो,"
म्हणाले आणि बसले.
पाळकबाईंनी मान डोलावली.

चार वर्षं झाली. खाण बंद पडली म्हणतात.
वस्ती कुठं गेली, नीट कुणी सांगत नाही.
हुलगी अकराची असेल.
एव्हाना कुणीतरी तिला तो शब्द
अर्थासकट दिला असेल,
शाळेत, दवाखान्याच्या रांगेत,
एखाद्या भल्या बाईनं, हळूच.

की अजून
कुठल्याशा उतारावर उभी राहून
संध्याकाळची ती हाक मारते,
बिचारीऽऽ,
आणि एक धडधाकट, माजलेली शेळी,
मागे दोन पिल्लं,
चरणं सोडून धावत सुटते
शिंगं रोखून.